पाण्याचा पुरावा आणि भीतीचें चित्र

बोरीवलीच्या पूर्वेकडील डोंगरांत तुळशी तलाव आहे आणि त्याच्या दक्षिणेस विहार. विहार १८६० सालीं पुरा झाला, तुळशी १८७९ सालीं. मुंबईची तहान बाहेरच्या पाण्यानें भागते, ही साधी गोष्ट पुढें एका मोठ्या राजकीय वादांत पुराव्यादाखल आली.

मुंबईवरील महाराष्ट्राचा हक्क सांगतांना डॉ. आंबेडकरांनीं दाखवून दिलें कीं, शहराचें पाणी व वीज महाराष्ट्रांतूनच येते. येथवर विधान बुद्धीला उद्देशून आहे. नकाशा पुढें ठेवून तें पडताळतां येतें. परंतु त्यांनीं मोहेंजोदडोचेंहि नांव घेतलें. महाराष्ट्रानें मनांत आणलें तर मुंबईचें तसें मृतनगर होईल, असा त्याचा आशय. त्या एका नांवासरशीं कोरडे नळ आणि थंडावलेल्या गिरण्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. पुरावा आधींच संपला होता. या नांवानें त्याला भीति जोडली. भीति ही विचाराची शत्रूच, असें मात्र नव्हे. अवलंबन खरें असेल, तर त्याची काळजी वाटणें हेंहि शहाणपणच. पण पाणी खरोखर कोणी तोडील काय, हा प्रश्न अशा चित्रापुढें मागें पडतो.

उलट, नुसत्या आंकड्यांची गतिहि दिसून आली. धनंजयराव गाडगीळांसारख्या अर्थशास्त्रज्ञांनीं मांडलेली बाजू राज्यपुनर्रचना आयोगापुढें होती. तरी १९५५ च्या अहवालानें संयुक्त महाराष्ट्र दिला नाहीं. मग विषय शाहिरांच्या डफावर गेला. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडींत मुंबईस आलेल्या गड्याचा विरह आणि तुटलेल्या मुलुखाचें दुःख एकच झालें. सीमेवरील गांवांची यादी ज्याला कंटाळवाणी वाटली असती, त्यालाहि ताटातूट कळत होती.

१९५६ सालीं चिंतामणराव देशमुखांनीं अर्थमंत्रिपद सोडलें, तेव्हां तिसरीच शक्ति दिसली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर राहिलेल्या या आंकडेनिष्ठ माणसाच्या राजीनाम्यांत नवा युक्तिवाद नव्हता. जुन्याचें वजन मात्र वाढलें. ॲरिस्टॉटलनें वक्त्याच्या चारित्र्याला मन वळविण्याचें स्वतंत्र साधन मानलें, तें याचसाठीं.

पण त्याच वर्षीं जानेवारींत मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला, आणि लोकांचा क्षोभ अनावर झाला. गोळीबारांत माणसें पडलीं. दंगलींत गुजराती दुकानदारांनाहि झळ लागली. निर्णय दिल्लीचा होता, कोपऱ्यावरच्या वाण्याचा नव्हे. मराठी व गुजराती घरें एकाच जिन्यावर असलेल्या बोरीवलीसारख्या उपनगरांत हा भेद पुस्तकी नाहीं. ‘मुंबई आमची’ या भावनेला पाण्याचा, विजेचा, भूगोलाचा आधार होता. ‘म्हणून हें दुकान शत्रूचें’ या पुढच्या पायरीला कसलाहि नव्हता.