माहीमच्या जत्रेला जाऊ या, पण सगळे मिळून

डिसेंबर जवळ आला की मुंबई, ठाणे आणि रायगडातल्या आपल्या कितीतरी घरांत मुलांचा एकच धोशा सुरू होतो, ‘माहीमच्या जत्रेला कधी जायचं?’ हजरत मखदूम अली माहिमी (रह.) यांच्या दर्ग्यापाशी भरणारी ही जत्रा दहा दिवस चालते. पौर्णिमेच्या सुमारास ती सुरू होते, त्यामुळे तारखा दरवर्षी बदलतात. पहिल्या संदलचा मान मुंबई पोलिसांचा. बँडच्या आवाजात माहीम पोलीस ठाण्यातून मिरवणूक निघते. दर्ग्यामागे रेतीबंदरला समुद्राच्या काठी आकाशपाळणे उभे राहतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हलवा-पराठा, खाजा, खेळणी, बांगड्या आणि भांड्यांची दुकाने लागतात. दर्ग्यात हजेरी लावणारी घरे तर येतातच, पण फक्त मुलांच्या आनंदासाठी येणारी घरेही पुष्कळ असतात. सर्व धर्मांची माणसे असतात.

आम्ही मुंब्र्याला राहतो. आम्ही दोघे, तीन मुले आणि आमची अम्मी, म्हणजे मुलांची दादी. दरवर्षी जत्रेला जातो. चार वर्षांपूर्वी मात्र एक चूक आमच्या हातून झाली, आणि ती आम्हाला नऊ वर्षांच्या मुलीने दाखवून दिली.

त्या दिवशी आम्ही कसलाही विचार न करता निघालो होतो. दादीचे गुडघे दुखतात, गर्दीत चालवत नाही, म्हणून तिला एका भिंतीच्या कडेला बसवले. पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, मुलांचे स्वेटर सगळे तिच्यापाशी ठेवले आणि ‘अम्मी, आलोच’ म्हणून पाळण्यांकडे गेलो. रांगा मोठ्या होत्या. परत यायला पावणेदोन तास लागले. दादी काही बोलली नाही.

परतीच्या गाडीत मुलांनी दादीकडे गोष्ट मागितली आणि तिने नेहमीची, मखदूम साहेबांच्या लहानपणीची सांगितली. एका रात्री त्यांच्या आईने पाणी मागितले. ते पाणी घेऊन येईपर्यंत आईचा डोळा लागला होता. आईची झोप मोडू नये, आणि जाग आली तर पाणी हाताशी असावे, म्हणून मुलगा वाटी धरून पहाटेपर्यंत उभा राहिला. गोष्ट संपली आणि आमची मुलगी म्हणाली, “दादी, आज तर तूच आमच्या पिशव्या धरून बसली होतीस.” दादी हसली. मग सहज म्हणाली, “असरची नमाज तेवढी राहिली गं. पिशव्या कुणाकडे देऊ, कळेना.”

आम्ही दोघे खाली मान घालून बसलो. पुढच्या वर्षी दादी म्हणाली, “तुम्ही जा, मी घरीच बरी.” त्या वर्षी ती खरेच आली नाही, आणि जत्रा आम्हाला अर्धी वाटली. त्यानंतर आम्ही ठरवले की दिवस आखायचा तो घरात सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या पावलाने. असे केल्यावर मुलांचेही काही कमी झाले नाही, उलट रडारड थांबली. आमच्या कामी आलेल्या गोष्टी इथे देत आहोत. कुठलीही मोठी जत्रा असो, त्या उपयोगी पडतील.

दिवस कोणता निवडाल?

पहिला दिवस आणि शनिवार-रविवार टाळा. संदलची मिरवणूक पाहायची असेल तर मोठ्यांनी वेगळे जावे, लहान मुले आणि म्हातारी माणसे त्या गर्दीत नकोत. रविवारशिवाय जमतच नसेल तर रेल्वेचा मेगाब्लॉक आधी पाहून घ्या. आम्ही सोमवार ते गुरुवारपैकी एक दिवस धरतो. मुलांची परीक्षा असेल तर ती संपू देतो.

माहीम स्थानकावर पश्चिम रेल्वेच्या धीम्या गाड्या आणि हार्बरच्या गाड्या थांबतात. मध्य रेल्वेने येणाऱ्यांनी दादरला उतरून पश्चिमेची धीमी गाडी धरावी, माटुंगा रोडनंतर माहीम. पनवेलकडून येणाऱ्यांना अंधेरी-गोरेगावची हार्बर गाडी सोयीची. स्वतःची गाडी नेऊ नका. रस्ते बंद केलेले असतात आणि गाडी लावायला जागा शोधण्यातच संध्याकाळ जाते. चालणे ज्यांना जड जाते त्यांना स्थानकावरून टॅक्सीने शक्य तितके जवळ न्यावे.

आदल्या रात्री मशवरा

जेवण झाले की सगळे एकत्र बसा. प्रत्येकाने आपल्याला हवी ती एकच गोष्ट सांगायची आणि ती कागदावर लिहायची. लहानाला ड्रॅगनची गाडी हवी असते, मोठ्याला आकाशपाळणा, कुणाला काचेच्या बांगड्या. घरातल्या मोठ्यांनाही विचारा. ‘मला काय हवंय आता’ असे ते म्हणतील. दुसऱ्यांदा विचारा. आमच्या दादीने दुसऱ्यांदा विचारल्यावर सांगितले, “मला एक चांगला लोखंडी झारा पाहिजे. मागच्या वेळी तुम्ही आणलात तो पातळ आहे, तेलात वाकतो. मी स्वतः हातात घेऊन बघणार.”

कागदावरच्या या गोष्टी आधी पूर्ण करायच्या. वेळ आणि पैसा उरला तर बाकीचे.

पैशांचे पाकीट

जत्रेचा खर्च घरीच वेगळा काढा. आम्ही चार भाग करतो: प्रवास, पाळणे, खाणे आणि खरेदी. शक्यतो दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा घ्या. गर्दीत मोबाइलचे नेटवर्क अडकते आणि पैसे पाठवताना रांगेत खोळंबा होतो. आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांच्या हातात त्यांचे ठरलेले पैसे द्या आणि हिशेब त्यांच्यावर सोडा. आमच्या मुलाने एका वर्षी सगळे पैसे पहिल्याच दुकानात शिट्टी आणि चष्म्यावर उडवले. मग पाळण्याखाली उभा राहून तो बहिणीला वर जाताना पाहत राहिला. आम्हाला वाईट वाटले, पण जास्तीचे पैसे दिले नाहीत. पुढच्या वर्षी त्याने सर्वांत नीट हिशेब ठेवला.

वेळ नमाजेभोवती बांधा

डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. शाफई पद्धतीने असरची वेळ पावणेचारच्या आसपास सुरू होते, हनफी पद्धतीने साडेचारच्या आसपास. आम्ही जुहर घरी पढून निघतो, तीन-साडेतीनला पोहोचतो. असर झाली की पाळणे, कारण त्या वेळी रांगा लहान असतात आणि उजेड असल्याने मुले नजरेत राहतात. मगरिबनंतर खाणे आणि खरेदी. सातच्या पुढे गर्दी वाढू लागते, तेव्हा आम्ही परतीच्या वाटेला लागतो. इशा घरी.

बायकांसाठी नमाजेची आणि वुजूची सोय कुठे आहे, हे पोहोचल्याबरोबर विचारून घ्या. अजान झाल्यावर शोधायला निघालात तर वेळ निघून जाते. पिशवीत एक जानमाज आणि पाण्याची जादा बाटली असू द्या. शक्य तर घरातून वुजू करून निघा. मुख्य म्हणजे नमाज पाळीने पढा. दोघे पढतील, दोघे सामान आणि मुले सांभाळतील, मग उलट.

थकणाऱ्या माणसांसाठी

आमच्या घरात आता नियम आहे की पिशव्यांपाशी कुणी एकटे बसणार नाही. दादी जिथे बसेल तिथे अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी लागते. एकदा सून, एकदा मुलगा, एकदा मोठी नात. पाळीवर बसलेला तिच्याशी गप्पा मारतो, चहा आणून देतो. घडीचे छोटे स्टूल सोबत नेतो, त्यामुळे भिंत शोधावी लागत नाही. तिला रेतीबंदरला नेतो, तिथून पाळणेही दिसतात आणि समुद्रही. संध्याकाळी वाऱ्याला गारवा असतो, शाल विसरू नका.

मधुमेह असलेल्यांची औषधे, बिस्किटे, एखादे केळे जवळ ठेवा. घरातून निघताना आणि रेल्वे स्थानकावर असे दोनदा शौचालयाला जाऊन घ्या. कित्येक बाया याच भीतीने दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मग त्यांना चक्कर येते. ही अडचण त्या बोलून दाखवत नाहीत, म्हणून आपणच विचारावे.

मूल हरवू नये म्हणून

निघताना प्रत्येक मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो मोबाइलमध्ये काढा. हरवल्यावर ‘शर्ट कोणता होता?’ हे आईबापालाही आठवत नाही. लहानांच्या आतल्या खिशात तुमचे दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, किंवा बाहीच्या आत मनगटावर पेनाने नंबर लिहा. नाव बाहेरून दिसेल असे लिहू नका, कारण नाव घेऊन हाक मारणाऱ्या अनोळखी माणसाबरोबर मूल सहज जाते.

मुलांना तीन गोष्टी घरीच पाठ करून घ्या. आम्ही दिसेनासे झालो तर चालत सुटू नकोस, आहेस तिथेच उभा राहा. गणवेशातल्या पोलिसाला किंवा मुले सोबत असलेल्या एखाद्या बाईला सांग. कुणीही ‘अब्बांनी बोलावलंय’ म्हणाले तरी जाऊ नकोस. मोठ्यांनी पोहोचताच पोलिसांची मदतीची जागा पाहून ठेवावी. मदतीसाठी ११२ हा नंबर आहे, मुलांसाठी १०९८. मूल सापडल्यावर त्याला आधी छातीशी धरा. ओरडायचेच असेल तर दुसऱ्या दिवशी.

पाळण्यात बसताना

पाळण्याचा दांडा नीट अडकला आहे का, हे स्वतः हाताने हलवून पाहा. ओढणी, बुरख्याचे टोक, स्कार्फ आणि मोकळे केस आवरून बांधा. फिरत्या चाकात कापड अडकून भयंकर अपघात होतात. तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन पाळण्यात बसू नका. मूल बसायला घाबरत असेल तर त्याला हसू नका आणि जबरदस्तीही करू नका. मनात शंका आली तर तिकिटाचे पैसे जाऊ द्या.

खाणे

हलवा-पराठा न खाता कुणी परत येत नाही. भला मोठा पराठा तोडून त्याबरोबर हलवा देतात. एक घ्या आणि वाटून खा, मग लागला तर दुसरा. डोळ्यांदेखत कढईतून निघालेले गरम खावे. उघड्यावरचा बर्फ, सरबत, कापून ठेवलेली फळे टाळावीत. पाणी घरचे न्यावे. दुपारचे जेवण पोटभर करून निघालात तर मुले दर पाच पावलांवर हट्ट करत नाहीत. एक रिकामी पिशवी कचऱ्यासाठी ठेवा. समुद्रकाठावर आपल्या घरची एकही कागदी प्लेट मागे राहू नये. शेजाऱ्यांसाठी थोडा खाजा जरूर घ्या, ते कुठल्याही धर्माचे असोत.

मखदूम साहेबांविषयी मुलांना सांगा

ज्यांच्या नावाने ही गर्दी जमते ते कोण होते, हे मुलांना गाडीतच सांगून टाका. त्यांचा काळ इ. स. १३७२ ते १४३१. कोकणातले हे मोठे आलिम. त्यांनी अरबीत कुरआनची तफसीर लिहिली, ती ‘तफसीर-ए-रहमानी’ म्हणून ओळखली जाते. लोक त्यांना कुतुब-ए-कोकण म्हणतात, आणि मुंबईतल्या जे. जे. उड्डाणपुलाला त्यांचेच नाव आहे. आपल्या मातीतला माणूस इल्मच्या जोरावर एवढा मोठा झाला, हे मुलांनी ऐकले पाहिजे.

मागच्या वर्षी दादीने भांड्यांच्या दुकानात पाच झारे हातात घेऊन पाहिले, दांडी वाकवून पाहिली, भाव केला आणि सहावा घेतला. आम्ही सगळे तिच्याबरोबर उभे होतो. मुले कंटाळली, तरी कुणी ‘चल ना’ म्हणाले नाही. असरची नमाज तिने वेळेवर पढली, पिशव्या नातीच्या मांडीवर होत्या.

आता नोव्हेंबर लागला की दादीच विचारते, “यंदा पौर्णिमा कधी आहे रे?” इन्शाअल्लाह, यंदाही सगळे मिळून जाऊ. तुमच्याही घरात कुणी ‘तुम्ही जा, मी घरीच बरी’ म्हणत असेल, तर निघण्याआधी एकदा त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना जत्रेतले काय हवे आहे ते विचारा.