बडोद्याची विजया, रंगायनच्या बाई

दिल्लीत मयूर विहारहून मेट्रोच्या ब्लू लाइनने मंडी हाउसला उतरलं की राष्ट्रीय नाट्य विद्यालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 1962 पासून इब्राहिम अल्काझींनी ते घडवलं. त्याआधी अल्काझी आणि आदी मर्झबान यांच्याकडे शिकलेली एक मुलगी मराठी रंगभूमीचा चेहरामोहरा बदलायला निघाली होती. ती म्हणजे विजया मेहता.

जन्म 1934चा, बडोद्याचा. कर्मभूमी मात्र मुंबई. 1960 मध्ये विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू यांच्यासह त्यांनी ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था उभी केली. चिं. त्र्यं. खानोलकरांचं ‘एक शून्य बाजीराव’ बाईंनीच बसवलं आणि त्यात भूमिकाही केली. ब्रेख्तचं नाटक ‘अजब न्याय वर्तुळाचा’ म्हणून मराठीत आलं, तेही त्यांच्याच दिग्दर्शनाखाली.

प्रायोगिक आणि व्यावसायिक अशी सोवळ्या-ओवळ्याची भिंत त्यांनी मानली नाही. ‘हमीदाबाईची कोठी’, ‘पुरुष’ आणि ‘वाडा चिरेबंदी’ ही त्यांनी बसवलेली नाटकं प्रेक्षकांनी उचलून धरली.

पडद्यावर ‘कलयुग’ (1981) आणि ‘पार्टी’ (1984) मध्ये त्या दिसल्या. जयवंत दळवींच्या ‘बॅरिस्टर’वरून केलेल्या ‘राव साहेब’चं दिग्दर्शन त्यांचंच, त्यातल्या मावशीच्या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यांनाच मिळाला. त्यांनीच दिग्दर्शित केलेल्या ‘पेस्तनजी’ (1988) मध्ये पारशी जग उभं राहिलं.

नाटक बसवताना दिग्दर्शक नेमकं काय करतो, हे समजून घ्यायचं असेल तर त्यांचं ‘झिम्मा’ हे आत्मकथन जरूर वाचा.