शासकीय जाहिरातींतील छायाचित्रे आणि सार्वजनिक निधी : रायगड किनारपट्टीच्या संदर्भात

प्रस्तावना :
लोकशाहीत शासनाने आपल्या योजनांची माहिती जनतेस देणे हे कर्तव्य ठरते. मात्र या माहितीसोबत पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे छापली जातात, तेव्हा खर्च माहितीवर होतो की व्यक्तीच्या प्रसिद्धीवर, असा प्रश्न उपस्थित होतो. अमेरिकेत २०१८ साली केंद्रीय पदाधिकाऱ्यांची तैलचित्रे सरकारी निधीतून काढून घेण्यास कायद्याने मनाई करण्यात आली. भारतात हा प्रश्न प्रामुख्याने जाहिरातींच्या रूपाने पुढे आला.

न्यायालयीन भूमिका :
'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये प्रा. एन. आर. माधव मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जाहिरातीचा आशय शासनाच्या जबाबदारीशी निगडित असावा, मांडणी वस्तुनिष्ठ असावी, पक्षीय हित साधले जाऊ नये आणि खर्च समर्थनीय असावा, ही समितीच्या मार्गदर्शक तत्त्वांची प्रमुख सूत्रे होत. १३ मे २०१५ च्या निर्णयात राष्ट्रपती, पंतप्रधान व सरन्यायाधीश यांखेरीज अन्य विद्यमान पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे छापण्यास प्रतिबंध करण्यात आला. शासकीय कार्याचे श्रेय व्यक्तीशी जोडल्याने व्यक्तिपूजा वाढीस लागते, हे त्यामागील तत्त्व होते. काही राज्यांनी पुनर्विचार मागितला. पंतप्रधानांस मुभा असेल तर संघराज्यात मुख्यमंत्र्यांस ती का नसावी, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. १८ मार्च २०१६ रोजी न्यायालयाने राज्यपाल, मुख्यमंत्री व संबंधित खात्याचे मंत्री यांनाही मुभा दिली. परिणामी संघराज्यातील समानतेचा प्रश्न सुटला; परंतु मूळ तत्त्वाची धार बोथट झाली.

स्थानिक संदर्भ :
मार्गदर्शक तत्त्वांच्या कक्षेत स्थानिक स्वराज्य संस्थाही येतात. उरण, अलिबाग, मुरुड-जंजिरा व श्रीवर्धन येथील नगरपरिषदा तसेच अलिबाग येथे मुख्यालय असलेली जिल्हा परिषद यांचा त्यात समावेश होतो. मुभा मिळालेल्या पदांच्या यादीत मात्र नगराध्यक्ष अथवा जिल्हा परिषद अध्यक्ष यांचा उल्लेख नाही. कार्यकर्त्यांनी स्वखर्चाने लावलेला फलक व सार्वजनिक निधीतील जाहिरात यांतील भेद येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. पहिल्याचे नियमन विद्रूपीकरणविषयक कायद्याने होते, तर दुसरी निधीच्या विनियोगाची बाब आहे.

माहितीची खरी गरज कोणती, हे आपत्तीच्या प्रसंगी स्पष्ट होते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले.  अशा वेळी मच्छीमारास वाऱ्याचा वेग, वादळाची वेळ व निवाऱ्याचे ठिकाण कळणे अगत्याचे असते आणि बागायतदारास पंचनामा व भरपाईची कार्यपद्धती. छायाचित्र या ज्ञानात कोणतीही भर घालीत नाही. उलट मजकुराची जागा व्यापते.

निष्कर्ष :
छायाचित्राचा स्वतंत्र खर्च अल्प दिसला, तरी त्यासाठी व्यापलेल्या जागेचे मूल्य करदाताच देतो. म्हणून छायाचित्र वगळल्यास जाहिरातीचा हेतू अबाधित राहतो का, ही कसोटी प्रत्येक संस्थेने लावणे इष्ट होय. हेतू अबाधित राहत असेल, तर त्या छायाचित्राचा भार सार्वजनिक निधीवर टाकणे समर्थनीय ठरत नाही.