चार रेषांचे झाड

मराठी मूल ‘म’ हे अक्षर गिरवते, तेव्हा ते एक ध्वनी शिकत असते. त्या अक्षरास स्वतःचा असा अर्थ नसतो. चिनी मुलाची गोष्ट निराळी आहे. प्रत्येक नव्या चिन्हाबरोबर त्यास आकृती, उच्चार व अर्थ अशा तीन गोष्टी एकदमच आत्मसात कराव्या लागतात. हे शिक्षण कसे घडते, याची कल्पना येण्यास एक साधे चिन्ह पुरेसे आहे. ‘मू’ हे ते चिन्ह होय. त्याचा मूळ अर्थ झाड. आजच्या भाषेत मुख्यतः लाकूड.

हा ‘मू’ उच्चारताना स्वर उंचावरून झपाट्याने खाली आणावा लागतो. परंतु तेवढ्याने काम भागत नाही. डोळा, थडगे आणि पडदा या अर्थांची चिन्हेही याच सुरात ‘मू’ अशीच उच्चारली जातात. कानाला न कळणारा हा भेद डोळ्यांना मात्र तत्काळ कळतो. कारण प्रत्येकाची आकृती वेगळी आहे.

आकृतीचा उगम

चीनमधील आन्यांग येथे सापडलेल्या, इसवी सनापूर्वी सुमारे १२०० च्या काळातील हाडांवर व कासवांच्या कवचांवर हे चिन्ह कोरलेले आढळते. तेथे ते सरळसरळ झाडाचे चित्र आहे: मध्ये खोड, वर वळलेल्या फांद्या, खाली पसरलेली मुळे. पुढे कुंचल्याने लिहिण्याच्या ओघात फांद्या सपाट होऊन त्यांची एक आडवी रेषा झाली आणि मुळांच्या दोन तिरप्या रेषा झाल्या.

आजचा विद्यार्थी हे चिन्ह चौकोनी घरांच्या वहीत लिहितो. तुटक रेषांनी प्रत्येक घराचे चार भाग केलेले असतात. पहिली रेषा आडवी, डावीकडून उजवीकडे, मध्याच्या किंचित वर. दुसरी उभी, पहिलीस छेदून सरळ खाली उतरणारी. तिसरी त्या छेदापासून डावीकडे खाली निमुळती होत जाणारी. चौथी तेथूनच उजवीकडे खाली. हिच्या शेवटी कुंचला दाबून मग अलगद उचलतात. आडवी आधी, उभी मागाहून. डावी तिरपी आधी, उजवी मागाहून, हा क्रम इतर असंख्य चिन्हांनाही लागू पडतो. म्हणून एक ‘मू’ नीट लिहिता आला की हाताला पुष्कळ चिन्हांचे वळण लागते.

एका रेषेचे अंतर

या झाडाच्या बुंध्याशी एक आखूड आडवी रेषा दिली की ‘बन’ हे चिन्ह होते. त्याचा अर्थ मूळ; पुढे उगम आणि पुस्तक हेही अर्थ त्यास आले. तीच रेषा शेंड्याशी, खालच्या आडव्या रेषेपेक्षा लांब काढली, तर ‘मो’, म्हणजे टोक किंवा शेवट. परंतु वरची रेषा खालचीपेक्षा आखूड राहिली, तर ते ‘वे’ होते, आणि त्याचा अर्थ ‘अद्याप नाही’ असा आहे. आठवड्याची अखेर सांगणाऱ्या शब्दात पहिले येते. भविष्यकाळाच्या शब्दात, म्हणजे जे अद्याप आले नाही त्यासाठी, दुसरे. रेषांची संख्या तीच, क्रमही तोच. फरक काय तो लांबीचा. शिक्षक येथे एवढे काटेकोर का असतात, हे यावरून ध्यानात येईल.

झाडांचे कुटुंब

दोन झाडे शेजारी लिहिली की वनराई, तीन लिहिली की घनदाट अरण्य. जोडीने लिहिताना डाव्या झाडाची चौथी रेषा आखडून ठिपक्याएवढी करतात, म्हणजे शेजाऱ्यास जागा मिळते. झाडालगत माणूस उभा केला की ‘विश्रांती’.

सर्वच चिन्हे अशी चित्रमय असतात असे मात्र नाही. बहुसंख्य चिन्हांत एक भाग अर्थाची दिशा दाखवतो व दुसरा उच्चाराची. पाइन वृक्षाच्या ‘सुंग’ या चिन्हात डावीकडे ‘मू’ आहे आणि उजवीकडे ‘गुंग’. पहिला अर्थासाठी, दुसरा ध्वनीसाठी. खुर्ची, पूल, पेला यांच्या चिन्हांतही हेच झाड डावीकडे उभे असते. इ. स. १७१६ च्या कांगशी कोशात सत्तेचाळीस हजारांहून अधिक चिन्हे २१४ वर्गांत लावली आहेत. त्यांत ‘मू’चा वर्ग ७५ वा आहे.

‘मू’पासून सुताराचे नाव बनते, तसेच गुरू ग्रहाचेही. चिनी पंचमहाभूतांत काष्ठ हे एक तत्त्व असल्याने तो ग्रह ‘काष्ठतारा’ ठरला. जपानी भाषेने हेच चिन्ह घेतले. तेथील काष्ठवार म्हणजे आपला गुरुवार होय.

हात आणि स्मरण

चीनच्या २०११ च्या अभ्यासक्रमानुसार नऊ वर्षांच्या शिक्षणात सुमारे ३५०० चिन्हे ओळखता यावीत, अशी अपेक्षा ठेवली गेली. ही मेहनत आज नव्या पेचात सापडली आहे. १९५८ मध्ये रोमन अक्षरांत उच्चार लिहिण्याची पद्धती स्वीकारली गेली. आता यंत्रावर ती अक्षरे दाबली की चिन्हांची यादी समोर येते आणि त्यांतून योग्य ते निवडायचे एवढेच उरते. त्यामुळे सुशिक्षितांनाही परिचित चिन्ह ओळखता येते, परंतु लेखणी हाती घेतली की ते आठवत नाही. ओळखण्यास डोळा पुरतो. लिहिण्यास प्रत्येक रेषेची जागा व क्रम स्मरावा लागतो. म्हणूनच चिनी शाळांतून चौकोनी घरांची वही अद्याप गेलेली नाही.