अनुक्त नाव आणि मध्यमपुरुष : 'हूज नेक्स्ट' ह्या तबकडीचा एक भाषिक विचार

इंग्लंडमधील 'द हू' ह्या वाद्यवृंदाने १९७१ च्या ऑगस्ट महिन्यात 'हूज नेक्स्ट' ही तबकडी प्रसिद्ध केली. अर्धशतक उलटून गेले, तरी तिचा श्रोतृवर्ग ओसरलेला नाही. तिच्यातील पहिले गाणे २०१२ साली लंडन ऑलिंपिकच्या समारोपात गायले गेले. अमेरिकेतील एका लोकप्रिय पोलिसी दूरचित्रवाणी मालिकेने २००४ ते २०१३ पर्यंत तेच शीर्षकगीत म्हणून वापरले. ह्या गाण्याचे नाव 'बाबा ओ'रायली' असे आहे, आणि त्यातील 'बाबा' म्हणजे नगर-दौंड रस्त्यावर अरणगावी ज्यांची समाधी आहे ते मेहेरबाबा होत. (नगर जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे.) तबकडीच्या संगीतगुणांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्या टिकाऊपणाला एक भाषिक कारणही आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते; येथे त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम नावाकडे पाहू. मेहेरबाबांचे मूळ नाव मेरवान शेरियार इराणी. जन्म पुण्यात, १८९४ साली, इराणी जरथुष्ट्री कुटुंबात. 'मेहेर' हा फारसी 'मिह्र' होय. सूर्य, प्रेम आणि कृपा हे तिन्ही अर्थ त्यात नांदतात, आणि अवेस्तातील 'मिथ्र' व वेदांतील 'मित्र' ही त्याची जुनी भावंडे आहेत. 'बाबा' हा शब्द मराठीत बापाला, फकिराला आणि साधूला सारखाच चालतो. शिर्डीच्या जिल्ह्यात तो अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. शीर्षकाचा दुसरा भाग टेरी रायली ह्या अमेरिकन संगीतकाराकडून आला. छोट्या स्वरवाक्यांची अखंड आवर्तने ही त्याची रीत. (हाच रायली १९७० पासून किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ ह्यांच्याकडे शिकू लागला.) रायलीच्या स्वतःच्या नावात 'ओ' नाही, शीर्षकात मात्र तो आयरिश उपसर्ग जोडलेला आहे. त्याचा मूळ अर्थ नातू किंवा वंशज. म्हणजे शीर्षकाच्या एका टोकाला बाप आणि दुसऱ्या टोकाला नातू; मधला मुलगा कोण, हे ज्याचे त्याने ठरवावे!

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे नाव गाण्याच्या शब्दांत एकदाही येत नाही. परिणामी असंख्य श्रोते पालुपदातील दोन शब्दांनाच गाण्याचे नाव समजतात. शीर्षक आणि संहिता ह्यांच्यातील हा दुरावा केवळ विक्षिप्तपणा नव्हे. गीतकार पीट टाउनशेंड हा १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मेहेरबाबांचा अनुयायी झाला. तो काळ एलएसडीच्या आणि त्या अमलातून स्फुरलेल्या संगीताच्या बहराचा होता. मेहेरबाबांनी ह्या द्रव्यांना स्पष्ट विरोध केला होता, व त्यांचे ह्या विषयावरील वचनसंकलन १९६६ मध्ये पुस्तिकारूपाने निघाले होते. टाउनशेंडनेही ती द्रव्ये सोडली. तरी आवर्तने, विजेच्या वाद्यांचे तरंगते स्वर, लांबत जाणारा अंत ही त्या संगीताची बाह्य लक्षणे त्याच्या रचनांत राहिली. नशा गेली आणि तिचे व्याकरण राहिले, असे म्हणता येईल.

'बाबा ओ'रायली'ची मूळ कल्पना 'लाइफहाउस' नावाच्या, पुढे सोडून दिलेल्या, एका कथानाट्यातली. व्यक्तीविषयीची माहिती यंत्रात घालावी आणि यंत्राने त्या माहितीचे संगीत करावे, अशी ती कल्पना. मेहेरबाबांचेही असेच स्वरचित्र व्हावयाचे होते. तिच्यामागे हजरत इनायत खान ह्यांचे नादविषयक विचारही होते. हे इनायत खान मराठी राजांच्या बडोद्यात १८८२ साली जन्मलेले. प्रत्यक्षात यंत्राची योजना साधली नाही. आज जो नाद गाण्याच्या आरंभी ऐकू येतो, तो सिंथेसायझरचा असल्याचा समज सार्वत्रिक असला, तरी तो लाउरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनचा आहे. त्या ऑर्गनला अशी एक सोय होती की, पट्टी दाबून धरली असता स्वर आपोआप जलद पुनरावृत्त होतो. वादक स्वर धरतो. बोलते ते वाद्य.

येथे मेहेरबाबांच्या मौनाची आठवण होते. १० जुलै १९२५ रोजी अरणगावजवळच्या मेहेराबाद येथे त्यांनी मौन धरले, ते ३१ जानेवारी १९६९ रोजी पिंपळगावजवळच्या मेहेराझाद येथे देह ठेवीपर्यंत सोडले नाही. प्रारंभी ते लिहून दाखवीत. पुढे इंग्रजी वर्णमालेच्या फळीवर बोट फिरवीत. १९५४ साली तीही बाजूला सारली आणि केवळ हस्तसंकेत उरले. संकेतांचे शब्द दुसऱ्याने करावयाचे. उच्चार एकाचा आणि आशय दुसऱ्याचा, हा प्रकार भाषाभ्यासकाला विचार करावयास लावणारा आहे.

तबकडीतील 'बार्गेन' ह्या गीतात हाच प्रकार सर्वनामाच्या द्वारे घडतो. सर्वस्व देऊन 'तुला' मिळविणे हाच उत्तम सौदा, असा त्याचा आशय. भक्तीला बाजाराची परिभाषा लावणे हे देहूच्या वाण्याचे अभंग वाचणाऱ्यांना नवे नाही. पण आपल्या अभंगात विठोबाचे नाव असते, शेवटी कवीची नाममुद्रा असते. बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण ह्याविषयी संशय राहत नाही. 'बार्गेन'मध्ये नुसता इंग्रजी 'यू' आहे. त्याला लिंग नाही, वचन नाही, आदर-अनादराचा भेद नाही. रॉजर डाल्ट्री तो ज्या जोमाने गातो, त्यामुळे बहुतेकांना ते प्रेयसीला उद्देशून वाटते. हे गीत मेहेरबाबांच्या भक्ताच्या अहंकारत्यागाविषयीचे आहे, असे टाउनशेंडने स्वतः सांगितले आहे. मधले कडवे त्याने आपल्याच आवाजात गायले आहे. तेथे स्वर एकदम खाली येतो, आणि सर्वनाम तेच असूनही ऐकणाऱ्याचा अदमास चुकू लागतो.

ह्याच गीतकाराने १९७२ मध्ये 'हू केम फर्स्ट' ही स्वतंत्र तबकडी काढली. तिच्यात 'परवरदिगार' हे गीत आहे. मेहेरबाबांनी १९५३ साली दिलेल्या प्रार्थनेला लावलेली ती चाल होय. 'परवरदिगार' म्हणजे पोषणकर्ता. येथे संबोधन उघड आहे, आणि चालही सुरेख आहे. तथापि ही तबकडी मुख्यतः जाणकारांत व भक्तांत राहिली, तर 'हूज नेक्स्ट' इंग्लंडच्या विक्रीयादीत अग्रस्थानी गेली. वाद्यवृंदाची कीर्ती हे ह्या फरकाचे एक कारण खरेच. पण तेवढ्याने उलगडा होत नाही. नाव उच्चारले की श्रोत्याला आत जावयाचे की बाहेर राहावयाचे, हे ठरवावे लागते. 'यू' असे काही ठरवावयास लावत नाही. विरहात असलेला तरुण आणि मेहेराबादच्या समाधीवर डोके टेकणारा भक्त दोघेही त्याच जागेत उभे राहू शकतात.

भक्ताने ह्याला अपलाप म्हटले, तर त्याचे म्हणणे डावलता येत नाही: ज्याच्यासाठी गीत रचले, त्याचाच पत्ता बहुसंख्यांना नाही. 'बार्गेन' मराठीत आणू पाहणाऱ्यापुढे हा प्रश्न पहिल्याच ओळीला उभा राहतो. 'तू' म्हणावे की 'तुम्ही'? 'तू' प्रेयसीलाही चालतो आणि देवालाही. परंतु गुरूला तो सहसा चालत नाही. पुढे भूतकाळी क्रियापद आले की 'आलास' की 'आलीस' हे लिहावेच लागते, आणि इंग्रजीने पन्नास वर्षे उघडे ठेवलेले दार तेथे मिटते.