एंजिनाची अनियमित चाल (जुन्या मोटारगाडीतील)

पेट्रोल एंजिनाच्या एका किंवा अधिक सिलिंडरांत इंधन-मिश्रणाचे ज्वलन वेळेवर वा पूर्णपणे न झाल्यास एंजिन हादरे देत चालते. कार्ब्युरेटर व संपर्क-खंडक असलेल्या जुन्या गाड्यांत हा दोष विशेष आढळतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईतील कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे १,०८९ घ. सेंमी.चे चार सिलिंडरी एंजिन या प्रकारचे होते.

दोष एका सिलिंडरात आहे की सर्वांत, हे प्रथम ठरवितात. एंजिन मंद गतीने चालू ठेवून ठिणगी-गुड्यांच्या तारा विद्युत् निरोधक पकडीने एकेक करून काढतात. तार काढल्यावर गती घटल्यास ते सिलिंडर कार्यक्षम असते. फरक न पडल्यास दोष तेथेच असतो. गुडीच्या टोकाचा फिकट तपकिरी रंग योग्य ज्वलनाची, कोरडी काजळी इंधनाधिक्याची, तर तेलकट काळेपणा दट्ट्याची कडी झिजल्याची खूण होय. गुडी व तार निर्दोष असल्यास सिलिंडरातील संपीडन दाब मोजतात. तो कमी भरल्यास झडप, कडी वा गॅस्केट सदोष असते.

दोष सर्व सिलिंडरांत असल्यास खंडकाची फट (सामान्यतः ०·४ ते ०·५ मिमी.), ठिणगीची वेळ व अंतर्ग्रहण नळीच्या जोडातून शिरणारी हवा तपासून शेवटी कार्ब्युरेटरकडे वळतात. हा क्रम महत्त्वाचा आहे. ठिणगीत दोष असताना कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरविल्यास मूळ कारण झाकले जाते. न जळलेले पेट्रोल सिलिंडराच्या भिंतीवरील तेल धुऊन टाकते आणि किरकोळ दुरुस्तीऐवजी एंजिन उघडण्याचा खर्च ओढवतो.