एक टाइपरायटर, आठ नावं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाड्याने पुस्तकं देणारं एक दुकान होतं. मालकाने व्हिक्टोरिया होल्टची पुस्तकं रहस्यकथांच्या फळीवर लावली होती आणि जीन प्लेडीची खाली, इतिहासाच्या फळीवर. होल्टची मुखपृष्ठं साधारण एकाच वळणाची: काळोखी रात्र, टेकडीवरचा दगडी वाडा, एकाच खिडकीत दिवा आणि वाड्याकडे पाठ करून धावत सुटलेली तरुणी. प्लेडीच्या पुस्तकांवर राण्या, मोत्यांचे सर, कडक इस्त्रीची गळपट्टी. मी दोन्ही फळ्यांवरची पुस्तकं आलटून पालटून घरी न्यायचे. या दोन बाया एकच आहेत हे मला कित्येक वर्षांनी कळलं. तेव्हा दोघींचं एकेक पुस्तक पुन्हा आणून शेजारी शेजारी ठेवून वाचलं. एक हात ओळखू येईल अशी खात्री होती, पण आला नाही. हे त्या बाईंना कसं साधलं असेल, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

बाईंचं नाव एलिनॉर हिबर्ट, माहेरचं बर्फर्ड. जन्म 1906चा, पूर्व लंडनमधल्या कॅनिंग टाउनचा. हा गोदीकामगारांचा भाग, आणि वडीलही गोदीतच मजुरीला. पण त्यांना वाचनाचा नाद होता आणि तो लेकीला लागला. सोळाव्या वर्षी एलिनॉर व्यापारी शिक्षणाच्या कॉलेजात गेली आणि शॉर्टहॅंड, टायपिंग व परकीय भाषा शिकली. पुढे हॅटन गार्डनमधल्या जवाहिऱ्याकडे नोकरी केली, शहरातल्या एका कॅफेत फ्रेंच-जर्मन बोलणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी दुभाष्याचं काम केलं. विशीत तिने चामड्याचे व्यापारी जॉर्ज हिबर्ट यांच्याशी लग्न केलं. ते तिच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. त्या लग्नाने तिला एक गोष्ट दिली, जिचं मोल प्रत्येक लिहिणारीला ठाऊक आहे: पोटाची चिंता नसलेली सकाळ.

त्या सकाळींत तिने काय लिहिलं? 1930च्या दशकात तिने नऊ मोठ्या कादंबऱ्या लिहिल्या. गंभीर, मनोविश्लेषणाच्या वळणाच्या, समकालीन जीवनावरच्या. ब्राँटे भगिनी, जॉर्ज एलियट, डिकन्स, टॉल्स्टॉय हे तिचे आदर्श. नऊच्या नऊ परत आल्या. या नऊ बाडांपाशी मी नेहमी थांबते. एक कादंबरी नाकारली गेली तर माणूस महिनाभर पेनाला हात लावत नाही. नऊ नाकारल्यावर दहावी लिहायला बसणं ही साधी गोष्ट नव्हे. वर्तमानपत्रांत तिच्या लघुकथा मात्र छापून येत होत्या. तिथल्याच एका साहित्य-संपादकाने तिला सुचवलं की, विकली जाईल अशी प्रेमकथा लिहून पाहा. तिने राग मानला नाही. अशा प्रेमकथा ढिगाने आणल्या, एकामागून एक वाचल्या, त्यांची वीण उसवून पाहिली आणि मग स्वतःची लिहिली. ती 1941 साली ‘डॉटर ऑफ अ‍ॅना’ या नावाने प्रसिद्ध झाली. लेखिका होती एलिनॉर बर्फर्ड. हे पहिलं नाव, तिचं स्वतःचंच.

मराठी वाचकाला टोपणनावाचं अप्रूप नाही. चंद्रकांत सखाराम चव्हाण म्हटलं तर फारसं कुणी ओळखणार नाही. बाबुराव अर्नाळकर म्हटलं की झुंझार आणि काळा पहाड डोळ्यांसमोर येतात. त्याहून जवळचं उदाहरण जयवंत दळवींचं. ‘ललित’मध्ये ते ठणठणपाळ झाले की भाषाच नव्हे, बसण्याची ऐटसुद्धा बदललेली वाटायची. नाव बदललं की लेखकाच्या अंगात दुसरं कुणी संचारतं, हे दळवींनी आपल्याला एका नावापुरतं दाखवलं. हिबर्टबाईंनी तोच प्रयोग आठ नावांनी पन्नासहून अधिक वर्षं केला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिबर्ट दांपत्य कॉर्नवॉलमध्ये राहत होतं. घरासमोरच्या खाडीकाठाचं नाव प्लेडी बीच. ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी वेगळं नाव हवं होतं, तेव्हा आडनाव समुद्राकडून घेतलं आणि ‘जीन’ एजंटने सुचवलं. पुस्तकाच्या कण्यावर फार जागा लागत नाही म्हणून. जीन प्लेडीचं पहिलं पुस्तक 1945चं. पुढे याच नावाने नॉर्मन, प्लँटॅजेनेट, ट्यूडर, स्ट्युअर्ट, जॉर्जियन अशा राजघराण्यांच्या मालिका उभ्या राहिल्या. इंग्लंडच्या गादीवर बसलेलं क्वचितच कुणी तिच्या हातून सुटलं असेल.

प्लेडीचं काम वाचनालयात सुरू व्हायचं. बाईंना ग्रंथपालांनी खास सवलत दिली होती. आतल्या कपाटांपर्यंत जायचं आणि हवी तेवढी पुस्तकं गाडीत भरून न्यायची. जुनी चरित्रं, पत्रव्यवहार, दरबारी बखरी. एका राजाच्या वाचनातून पुढच्या राणीची कादंबरी निघायची, कारण एका दरबारातली माणसं दुसऱ्या दरबारातही असतातच. मालिका लिहिण्यातली ही काटकसर मला फार शहाणपणाची वाटते. प्लेडी लिहिताना त्या तृतीयपुरुषी निवेदन घेत, घटना इतिहासात घडली त्याच क्रमाने ठेवत. इथे रहस्य असूच शकत नाही. अ‍ॅन बोलीनचं काय झालं ते पहिल्या पानाआधीच वाचकाला ठाऊक असतं. तरी पान उलटायला लावायचं, ही प्लेडीची कसोटी.

मधल्या काळात आणखी नावं आली. एल्बर फोर्ड हे एलिनॉर बर्फर्डचीच अक्षरं तोडून केलेलं. त्या नावाने त्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या खऱ्या खून-खटल्यांवर कादंबऱ्या लिहिल्या. कॅथलीन केलो गुन्हेगारी कथांसाठी. मिल्स अँड बूनच्या प्रेमकथांना पुन्हा एलिनॉर बर्फर्ड. एलालिस टेट आणि अ‍ॅना पर्सिव्हल ही अल्पायुषी. मला ही सगळी तालीम वाटते. एका नावाखाली त्या प्रेमकथेचा हात बसवत होत्या, दुसऱ्याखाली विषप्रयोग आणि संशयाचा, तिसऱ्याखाली जुन्या काळाचा. हे तिन्ही हात एका पुस्तकात जुळवले तर काय होईल, ते 1960 साली दिसलं.

त्यांच्या अमेरिकन एजंट पॅट्रिशिया शार्टल मायरर यांनी गॉथिक वळणाची कादंबरी लिहिण्याचं सुचवलं. ‘मिस्ट्रेस ऑफ मेलिन’ आली, लेखिका व्हिक्टोरिया होल्ट. हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. कॉर्नवॉलचा किनारा, मोठा वाडा, मेलेल्या पहिल्या पत्नीची सावली, हे पाहून ‘रिबेका’कार दाफ्ने द्यु मॉरिएच टोपणनावाने लिहितात अशी कुजबुज अमेरिकेत सुरू झाली. पुस्तक तुफान चाललं. मागे पडलेल्या गॉथिक प्रेमकथेला त्याने पुन्हा बाजार मिळवून दिला आणि त्यानंतर वाड्यातून पळणाऱ्या तरुणींच्या मुखपृष्ठांचा पूर आला. 1965मध्ये तैवानात या कादंबरीवर तिथल्या बोलीत चित्रपट निघाला. कॉर्नवॉलची गोष्ट तिथेही आपली वाटली.

ही कादंबरी थोडी जवळून पाहू. मार्था ली ही शिकलेली पण गरीब तरुणी एका विधुराच्या मुलीला शिकवायला मेलिनच्या वाड्यात येते. गव्हर्नेस निवडण्यातच निम्मी लढाई जिंकलेली आहे. गव्हर्नेस नोकरांच्या पंगतीत बसत नाही आणि मालकांच्याही नाही. तिला सगळ्या दालनांत जाता येतं, पण कुठलंच दालन तिचं नसतं. ती ऐकते, पाहते, आणि तिचं ऐकून घेणारं कुणी नसतं. रहस्यकथेला याहून चांगले डोळे मिळणार नाहीत. पुढे मार्था घोड्यावर बसायला निघते आणि तिला घालायला मिळतो तो वाड्याच्या दिवंगत मालकिणीचा पोशाख. भूत नाही, किंकाळी नाही, फक्त कपडे. ते अंगाला नीट बसतात आणि वाचकाच्या पाठीतून शिरशिरी जाते.

होल्टच्या कादंबऱ्या बहुतांशी नायिकाच सांगते. त्यामुळे ती शेवटी जिवंत राहणार हे उघड असतं. गोष्ट सांगायला ती आहेच की. मग भीती कशाची? भीती चुकीच्या माणसावर जीव जडण्याची. मला हवासा वाटणारा हा माणूस खुनी तर नाही ना, या एका प्रश्नावर होल्टचं घर उभं आहे. प्रेम आणि संशय इथे दोन वेगळे धागे नाहीत. ज्या प्रसंगाने नायिका त्याच्याकडे ओढली जाते त्याच प्रसंगाने तिचा संशयही वाढतो. ज्यांनी नंतर या प्रकारात लिहिलं त्यांतल्या अनेकांना ही एवढीच गोष्ट जमली नाही. त्यांनी एक प्रकरण प्रेमाचं आणि एक भीतीचं असं वाटप केलं, आणि दोन्ही पातळ झालं.

या सगळ्यामागे रोजचं वेळापत्रक होतं. आठवड्याचे सातही दिवस, दिवसाला पाच तास. सकाळी टाइपरायटरपाशी बसायचं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत साधारण पाच हजार शब्द उतरवायचे. म्हणजे तासाला हजार. ज्यांनी कधी सलग लिहिलं आहे त्यांनी हा आकडा आपल्या वहीत मांडून पाहावा. दुपारी वाचकांच्या पत्रांना स्वतः उत्तरं. संध्याकाळी लंडनमध्ये असल्या तर बुद्धिबळाचा डाव किंवा भेटीगाठी. टायपिंगने शरीर थकतं पण लिहिण्याने तरतरी येते, आणि काही दिवस लिहिलं नाही तर आपण कष्टी होतो, असं त्या सांगत. वर्षाला दोन-तीन पुस्तकं वेगवेगळ्या नावांनी निघत ती अशी. प्रेरणा वगैरे शब्द त्यांच्या तोंडी फार येत नसावेत. सोळाव्या वर्षी टायपिंग शिकलेली मुलगी ते हत्यार शेवटपर्यंत वापरत होती.

पैसा आला तेव्हा त्यांनी केंट परगण्यात सँडविच गावी तेराव्या शतकातलं एक जुनं घर घेतलं. आठवा हेन्री आणि पहिली एलिझाबेथ इथे मुक्कामाला होती अशी त्यांची समजूत, म्हणून नाव ठेवलं किंग्ज लॉजिंग. घर हौसेने सजवलं, पण ते फार मोठं वाटू लागलं आणि लंडन दूर पडलं. मग त्या केन्सिंग्टनला, अल्बर्ट हॉलजवळच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. जन्मभर वाड्यांच्या गोष्टी सांगणाऱ्या बाईंना राहायला मात्र वाचनालय हाकेच्या अंतरावर असलेली जागा आवडली. इंग्लंडच्या थंडीत त्या समुद्रप्रवासाला निघत, आणि त्या प्रवासांतून होल्टच्या नायिका ऑस्ट्रेलियात, हाँगकाँगला, इजिप्तमध्ये, सिलोनला पोचल्या.

एक नायिका आपल्याकडेही आली. 1988च्या ‘द इंडिया फॅन’मध्ये मोरपिसांचा एक अपशकुनी पंखा आहे आणि पुढे 1857चा उठाव आहे. पुस्तक उत्कंठेने वाचवतं, पण आपल्या वाचकाला त्यात एक रितेपण जाणवेल. उठाव इथे वादळासारखा येतो. तो का झाला, हे लढणाऱ्यांच्या तोंडून ऐकू येत नाही. इंग्रज पाद्र्याच्या मुलीच्या डोळ्यांनी जेवढं दिसलं असतं तेवढंच दिसतं. ‘मी’ म्हणून सांगितलेल्या गोष्टीची ही मर्यादाच आहे, आणि मेलिनच्या वाड्यात जी ताकद ठरली ती इथे उणी पडते, असं माझं मत आहे.

तिसरं मोठं नाव 1972चं, फिलिपा कार. माझ्या मते बाईंच्या कारागिरीचा कळस इथे आहे. ‘डॉटर्स ऑफ इंग्लंड’ ही विसेक पुस्तकांची मालिका आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढले तिथून सुरू होते आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत येते. सांगणारी प्रत्येक वेळी घरातलीच एक बाई. आई थांबली की पुढची गोष्ट लेक उचलते. इतिहास प्लेडीचा, आवाज होल्टचा. प्लेडीला राणीच्या शयनगृहात जाता येत होतं, पण सामान्य घरातल्या बाईवर त्या राजकारणाचं काय ओझं आलं ते सांगता येत नव्हतं. होल्टला बाईचं मन सांगता येत होतं, पण चारशे वर्षांचा पल्ला नव्हता. जे एकाही नावात मावेना, त्यासाठी नवं नाव काढलं.

नावांमधल्या भिंती मात्र त्यांनी सोवळ्यासारख्या पाळल्या नाहीत. मेरी आंत्वानेतची आत्मकथा 1968 साली प्लेडीच्या नव्हे, होल्टच्या नावावर आली, कारण ती ‘मी’ म्हणून लिहिलेली होती. उलट 1980च्या दशकात प्लेडीने इंग्लंडच्या राण्यांवरची मालिका सुरू केली, त्यात राण्या स्वतःच बोलू लागल्या. चाळीस वर्षं बाहेरून राण्या पाहिल्यावर प्लेडी अखेरीस आत शिरली, आणि तो दरवाजा तिला होल्टने उघडून दिला.

सुमारे दोनशे पुस्तकं, वीस भाषांत अनुवाद आणि दहा कोटींच्या वर खप, असा त्यांचा हिशेब सांगितला जातो. समीक्षकांनी त्यांना फारशी जागा दिली नाही. लायब्ररीतल्या वाचकांनी दिली, आणि लेखकाला काय हवं असतं हे ज्याने त्याने ठरवावं. नवा वाचक असेल त्याने ‘मिस्ट्रेस ऑफ मेलिन’पासून सुरुवात करावी. लगेच मागोमाग प्लेडीचं एखादं ट्यूडर पुस्तक घ्यावं, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

18 जानेवारी 1993 रोजी, नेहमीसारख्या हिवाळी सफरीवर असताना, अथेन्स आणि पोर्ट सैदच्या दरम्यान ‘सी प्रिन्सेस’ जहाजावर एलिनॉर हिबर्ट वारल्या. त्यांना समुद्रातच निरोप देण्यात आला. त्या वर्षी त्यांची तीन नवी पुस्तकं बाजारात आली: व्हिक्टोरिया होल्टचं ‘द ब्लॅक ओपल’, फिलिपा कारचं ‘वुई विल मीट अगेन’ आणि जीन प्लेडीचं ‘द रोझ विदाउट अ थॉर्न’.